दोरीच्या टोकाला तेरा जण

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना, एका घरापुढे मांडलेल्या जुन्या वस्तूंमध्ये दोन डॉलरला एक चंदेरी बिल्ला मिळाला. दोन पंख आणि मधोमध समोरून दिसणारे विमान, पण विमानाला इंजिन नाही. मुलगा म्हणतो, विमानदळाचा असणार. तुम्हाला काय वाटते? – एक वाचक, मिरज

उत्तर : विमानदळाचा नव्हे, पायदळाचा. दुसऱ्या महायुद्धात ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, लढाईवर जाणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हा बिल्ला 1944 च्या जूनपासून मिळू लागला. मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण असाच एक बिल्ला मी हातात घेतलेला आहे. 1974 साली मिशिगनमध्ये शिकत असताना ज्यांच्या तळघरात भाड्याने राहत होतो, त्या घरमालकांचा. बिस्किटांच्या डब्यात, शर्टाच्या सुट्या बटणांबरोबर पडलेला होता. मी उचलून पाहिला तर म्हणाले, "बटणंच शोध, ते नको."

मग हिवाळ्यात हळूहळू बोलले. ते 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या, म्हणजे हवेतून रणांगणात उतरवायच्या फौजेच्या, 327 व्या ग्लायडर रेजिमेंटमध्ये होते. स्वतःहून गेले नव्हते. पॅराशूटवाल्यांना हात वर करून यावे लागे. ग्लायडरवाल्यांना कुणी विचारलेच नाही; साध्या पायदळात भरती झाले आणि एके दिवशी कळले, आपली रेजिमेंट आता ग्लायडरची. पॅराशूटवाल्या शिपायाला महिन्याला 50 डॉलर जादा, पायात चकचकीत उंच बूट. यांना दोन्ही नाही. पोरांनी मोडक्या ग्लायडरांचे फोटो चिकटवून एक भित्तिपत्रक केले होते : ग्लायडर दलात या; उडीचा भत्ता नाही, उड्डाणाचा भत्ता नाही, पण कंटाळ्याचा क्षणही नाही! भत्ता मंजूर झाला तो 1944 च्या उन्हाळ्यात, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची चढाई उरकल्यावर. तीस वर्षांनंतरही हे सांगताना घरमालकांचा आवाज चढायचा. मरणाचे ते बोलत नसत. 50 डॉलरचे बोलत.

आता वाहनाविषयी. वेको सीजी-4ए हे त्याचे नाव. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, लाकडी पंख, प्लायवुडची जमीन. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 84 फूट. दोन वैमानिक आणि तेरा सैनिक, किंवा सैनिकांऐवजी एक जीप. नाकाडासकट वैमानिकांची खोली वर उचलली जाई आणि जीप पुढून बाहेर पडे. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, त्यामुळे ती बिजागरी त्यांच्याकडून कागदावर काढून घेतली होती. पॅराशूटने माणसे विखुरतात, आणि जीप किंवा तोफ तेव्हा धड टाकता येत नसे. ग्लायडर तेरा जणांना एकाच शेतात एकत्र उतरवतो. अर्थात, उतरवला तर. ओढणाऱ्या सी-47 विमानाला तो 300-350 फुटांच्या नायलॉनच्या दोराने बांधलेला असे, आणि आत बसलेल्यांना पॅराशूट दिलेले नसे.

गंमत पुढेच आहे. ग्लायडर रेजिमेंट असूनही नॉर्मंडीला यांना बोटीने नेले! सगळी रेजिमेंट, थोडके लोक सोडले तर, यूटा किनाऱ्यावर बोटीतून उतरली. हवेतून लढाईला जाणे घरमालकांच्या वाट्याला एकदाच आले, 19 सप्टेंबर 1944 ला, हॉलंडमध्ये. त्या मोहिमेत वैमानिक कमी पडले, म्हणून अमेरिकन ग्लायडरमध्ये एकच वैमानिक ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत पायदळातला कुणीतरी बसवला. आमचे घरमालक तो कुणीतरी.

"बावीस वर्षांचा होतो. मोटारसुद्धा धड चालवता येत नव्हती," ते सांगत. वैमानिकाने धावपट्टीवर उभ्या उभ्या शिकवले : मला काही झाले तर हा दांडा असा धर, आणि शेत दिसले की डोक्यावरची ही लाल मूठ ओढ, दोर सुटेल. झाली शिकवणी. इंग्लिश खाडीवर धुके इतके दाट, की पुढचे विमान दिसेना. दोराचे चार-पाच फूट दिसत, पुढे पांढरे. दोर वर जातोय की खाली, यावरून विमान कुठे असेल ते ताडायचे. त्या दिवशी कितीतरी ग्लायडर माघारी फिरले, काही समुद्रात पडले. मागे बसलेल्यांपैकी कुणी हेल्मेट काढून त्यावर बसलेले, खालून गोळी आली तर म्हणून. कुणी त्याच हेल्मेटात ओकत होते. किनारा ओलांडल्यावर गोळ्या कापडातून जाऊ लागल्या. त्याचा आवाज कसा, तर त्यांनी टेबलावरचा माझा पापड उचलला, चिमटीत मोडला. "असा. अगदी असा."

मूठ ओढायची वेळ आली नाही. वैमानिक शाबूत होता. सोन गावाजवळच्या शेतात सऱ्यांवरून आपटत घसरत थांबले. दारापर्यंत जायची कुणी तसदी घेतली नाही. कापड फाडूनच बाहेर पडले.

डिसेंबरात बेल्जियममधल्या बास्तोन्यला हीच रेजिमेंट उघड्या ट्रकमधून गेली. थंडीचे कपडे अपुरे, गोळ्याही अपुऱ्या, आणि चहूकडून जर्मनांचा वेढा. 22 तारखेला शरण या म्हणणारे चार जर्मन पांढरे निशाण घेऊन आले, ते याच रेजिमेंटच्या एफ कंपनीपुढे. सेनापती मॅकॉलिफ यांचे "नट्स!" हे उत्तर प्रसिद्ध आहे. जर्मनांना ते कळेना, तेव्हा रेजिमेंटचे कर्नल हार्पर यांनी समजावले : साध्या भाषेत, खड्ड्यात जा. घरमालक दुसऱ्या कंपनीत होते. त्यांना हे नंतर कळले. "आम्हाला तेव्हा पायांची बोटं आहेत की गेली एवढंच कळत होतं."

26 तारखेला वेढ्यात शल्यचिकित्सक आणि पेट्रोल आले, ते मात्र ग्लायडरने. घरमालक खंदकातून ते ग्लायडर खाली येताना पाहत होते. शेजारचा शिपाई म्हणाला, बिचारे. आणि मग दोघांना आठवले, की आपण तेच आहोत.

तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीतला प्रश्न, भारताशी याचा काही संबंध? आहे. याच बनावटीचे ग्लायडर 5 मार्च 1944 च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ब्रिटिश सेनापती विंगेट यांचे चिंडिट, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला जाऊन लढणारे सैनिक, घेऊन ब्रह्मदेशात गेले. एकेका विमानामागे दोन-दोन ग्लायडर बांधले होते, आणि दोर बरेच तुटले. काहींमध्ये खेचरेही होती. खेचरांना भत्त्याचे कुणी विचारले नव्हते, हे घरमालकांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले.

बिल्ला घासूनपुसून चकचकीत करू नका. मागची पिन तेवढी बघा, गंज असेल तर तेलाचा एक थेंब सोडा.