कुष्ठरोगाचा आलेख वाचताना

प्रश्न : डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले होते. तरीही शोध मोहीम झाली की पूर्व विदर्भात नवे रुग्ण सापडल्याच्या बातम्या येतातच. मग रोग पुन्हा वाढतो आहे, असे समजावे काय?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. २००५ मध्ये गाठले ते एक प्रमाण होते : दर १०,००० लोकसंख्येमागे उपचाराखाली १ पेक्षा कमी रुग्ण. या प्रमाणावर माझा फारसा भरवसा नाही, कारण ते औषधाच्या मुदतीबरोबर बदलते. समजा, एखाद्या भागात दरवर्षी १०० सांसर्गिक रुग्ण सापडतात. बहुविध औषधोपचार (एकाच वेळी अनेक औषधे देण्याचा उपचार) २४ महिने चालत असे तेव्हा नोंदवहीत कोणत्याही दिवशी सुमारे २०० नावे असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुदत १२ महिन्यांवर आली आणि, लागण तसूभरही न घटता, नावे निम्मी झाली.

नव्या रुग्णांचा वार्षिक दर त्याहून बोलका असला, तरी तो शोधावर अवलंबून असतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे, कधी २० वर्षेही जातात. त्यामुळे एकाच वर्षात आलेली उसळी बहुधा आशा सेविकांनी घरोघरी जाऊन पाठीवरचे फिकट, बधिर चट्टे तपासल्याची असते. याउलट २०२० मध्ये जगभरातील नोंद २०१९ च्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी घसरली, ती कोविडमुळे तपासणी थंडावल्याने.

म्हणून या दराशेजारी आणखी दोन आकडे ठेवावेत. नव्या रुग्णांत १५ वर्षांखालील मुले किती, यावरून अलीकडची लागण कळते. निदानाच्या वेळीच हातापायांत वा डोळ्यांत दिसणारी विकृती किती जणांत आहे, यावरून निदानाला झालेला उशीर कळतो. रुग्ण वाढले पण विकृतीचे प्रमाण उतरले, तर शोध सुधारला असे मानावे. रुग्ण कमी आणि त्यांतले बरेच विकृतीसह आलेले, हे चित्र मला अधिक काळजीचे वाटते. मुलांचे प्रमाण वर्षानुवर्षे हलत नसेल, तर लागणीची साखळी तुटलेली नाही.

नागपूरपुरती एक पुस्ती जोडतो. ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भंडारा, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा येथूनही रुग्ण येतात. त्यांचे निदान येथे झाले, तरी जिल्ह्याचा दर काढताना येथील रहिवासीच मोजायला हवेत. आपल्याला आलेख पाहायचाच असेल, तर सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांच्या कार्यालयाकडे किमान १० वर्षांची तालुकावार आकडेवारी मागावी आणि कोणत्या वर्षी मोहीम झाली, तेही विचारून घ्यावे.