झटका येऊन गेल्यावर औषधाच्या चाचणीत नाव द्यावे का?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ असून यावल तालुक्यात आमची केळीची शेती आहे. गेल्या महिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नाशिकच्या एका रुग्णालयात अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. सुटीच्या आदल्या दिवशी तेथील डॉक्टरांनी एका नव्या गोळीच्या चाचणीत सहभागी व्हाल का, असे विचारून पंधरा पानांचे कागद दिले. निर्णय पुढच्या तपासणीला सांगायचा आहे. भाऊबंद म्हणतात, बापाला प्रयोगाचा उंदीर करू नका. वडील स्वतः तयार आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपले वडील शुद्धीवर आहेत, समजून घेऊ शकतात, म्हणून हा निर्णय त्यांचा आहे, आपण, भाऊबंद आणि मीसुद्धा त्यांना फक्त मदत करू शकतो. ते पंधरा कागद आधी त्यांच्या हातात द्या. वाचताना चष्म्याचा त्रास होत असेल तर रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन पाने मोठ्याने वाचून दाखवा आणि जिथे ते थांबवतील तिथे पेन्सिलीने खूण करा. ते कागद मराठीत नसतील तर मराठी प्रत मागून घ्या, कारण रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे ही संशोधकांची जबाबदारी आहे.

उंदीर हा शब्द मनाला लागतो आणि त्यामागची भीती मी खोटी मानत नाही. पण वडील आज जी अ‍ॅस्पिरिनची गोळी घेत असतील, तिचा झटक्यातला उपयोग अशाच चाचणीतून सिद्ध झाला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्णांनी भाग घेतला होता आणि महिनाभर दिलेल्या साध्या अ‍ॅस्पिरिनमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. याच्या उलट उदाहरणही आपण जाणले पाहिजे. झटक्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित पडू नयेत म्हणून त्या काळी काही औषधे दिली जात; ईसीजीवर ठोके सुधारलेले दिसत, म्हणून डॉक्टरांचा त्यांवर विश्वास होता. १९८९ मध्ये कास्ट या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा त्यांतील दोन औषधे घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. चाचणी झाली नसती तर ती औषधे चांगल्या हेतूनेच आणखी कित्येक रुग्णांना मिळत राहिली असती. म्हणून नवी गोळी नक्कीच चांगली, असे कोणी आपल्याला सांगत असेल तर तेथेच सावध व्हा. ते आधीच ठाऊक असते तर चाचणीची गरजच पडली नसती.

कोणाला कोणती गोळी मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरते. पुष्कळदा निम्म्या रुग्णांना नवे औषध आणि उरलेल्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली जाते. आपण विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, वडिलांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी आणि इतर नेहमीचे उपचार दोन्ही गटांत तसेच चालू राहणार का. बहुतेक चाचण्यांत नवे औषध या उपचारांच्या जोडीला दिले जाते. त्यांतले एखादे थांबवायचे किंवा बदलायचे असेल, तर त्याचे कारण कागदावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, आणि ते कारण आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

दुसरी चौकशी नोंदणीची. भारतात चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते आणि ती नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. कागदांवर तो क्रमांक आणि रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीचा दूरध्वनी असतो. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी आणि वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्तीही असते. तेथे फोन करण्यास संकोचू नका.

पारोळा तालुक्यातील एका वयस्क शेतकऱ्याच्या संमतीच्या वेळी मी साक्षीदार म्हणून बसलो होतो, कारण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि अशा वेळी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. उजव्या हाताला सलाईन होते, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावलेली होती. तो अंगठा कागदाच्या वर तसाच धरून त्यांनी विचारले, "मना जीवले काही व्हयनं ते कोन देखी?" समोरच्या तरुण डॉक्टरांनी शाई पुसायला लावली आणि ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचले. आपल्या वडिलांनीही हाच प्रश्न विचारावा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळतात आणि भरपाईही द्यावी लागते. मृत्यू चाचणीमुळे झाल्यास ८ लाख रुपये हा पायाभूत आकडा धरून वय व आजाराची जोखीम यांच्या सूत्राने रक्कम ठरते.

आता आपल्या भागाची खरी अडचण. चाचणीत ठरलेल्या तारखांना तपासणीस जावे लागते, कधी वर्ष-दोन वर्षे. यावलहून भुसावळ, तेथून रेल्वेने नाशिक, आणि त्यात मे महिन्याचे ऊन किंवा केळीच्या कांदेबाग लागवडीची धांदल. तारखांची यादी आधीच मागून घ्या, सोबत कोण जाणार ते घरात ठरवा, आणि तसे कोणी नसेल तर नाही म्हणा. नकार दिल्याने वडिलांच्या उपचारात काहीही कमी होता कामा नये. होकार दिलाच, तर चाचणीचे कार्ड त्यांच्या खिशात सतत असू द्या. रात्री-अपरात्री छातीत दुखले तर नाशिकची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे. कार्डावरच्या क्रमांकावर फोन केल्यावर गरजेप्रमाणे त्यांना कोणती गोळी चालू आहे हे तेथील डॉक्टरांना कळू शकते.

प्रश्न : चाचणीत भाग घेतल्यास पैसे मिळतात का? (शिरपूर)

उत्तर : चाचणीतील औषध आणि चाचणीसाठी म्हणून केलेल्या तपासण्या यांचा खर्च सहसा रुग्णावर पडत नाही, आणि येण्याजाण्याचे भाडे अनेकदा मिळते. स्टेंटचे जुने बिल मात्र त्यातून फिटत नाही. पैशाच्या ओढीने सही करणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मध्येच सोडावेसे वाटले तर? (चाळीसगाव)

उत्तर : केव्हाही सोडता येते आणि त्याचे कारण देण्याचे बंधन नाही. मात्र गोळी एकदम बंद करून घरी बसू नका. संशोधकांना फोन करा, शेवटची तपासणी करून घ्या, उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्याही परत द्या, आणि नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणत्या पुढे चालू ठेवायच्या हे त्याच दिवशी लिहून घ्या.