आई ‘नको’ म्हणते, तरी करायचं का?

“मॅडम, एवढं सगळं तिच्यासाठीच चाललंय आणि तीच तोंड पाडून बसलीय.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं ‘मॅडम’ म्हटल्याबरोबर पुढचं मला सांगता येईल. कधी पंचाहत्तरी असते, कधी ऐंशी, कधी लग्नाला पन्नास वर्षं झालेली असतात. हॉल ठरलेला, जुन्या फोटोंची फिल्म तयार, नातवंडांची भाषणं पाठ होत आलेली, आणि जिच्यासाठी हे सगळं ती म्हणते, “मला नको यातलं काही.” मग घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, म्हातारी माणसं आधी नकोच म्हणतात, आपण करून मोकळं व्हायचं. दुसऱ्याचं म्हणणं, नको तर नको, रद्द करा. मी वृद्धांबरोबर काम करते, म्हणून माझ्याकडे दोघंही निवाडा मागायला येतात. मला मात्र दोघंही एकाच जागी चुकलेले दिसतात: नको म्हणजे नेमकं काय नको, हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं.

अशीच एक आजी. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. ऐंशी पूर्ण व्हायला दोन महिने होते. मुलगा आणि सून घेऊन आले होते. घरात आणखी सोळा वर्षांचा नातू आणि नऊ वर्षांची नात. मुलानं दीडशे माणसांची यादी केली होती. आजी आधी गप्प राहिली, मग म्हणाली, “पाय दुखतात,” मग “कशाला खर्च,” आणि शेवटी एकदा ताट बाजूला सारून उठून गेली. सुनेचं म्हणणं थोडं वेगळं होतं. “चार वर्षांपासून त्या बदलल्यात. कुणात मिसळत नाहीत. पाहुणे आले की आत जाऊन बसतात. आणि दोघा मुलांत फरक करतात. मोठ्याशी तासभर गप्पा, धाकटीला दोन शब्दांत वाटेला लावतात.”

आजी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं. पहिल्या भेटीत माझ्या खोलीत आली तशी तिनं खुर्ची उचलून माझ्या अगदी जवळ आणून ठेवली आणि म्हणाली, “तुम्ही इकडे खिडकीकडे तोंड करून बसा. मला उजेड डोळ्यांवर येतो.” मी बसले. मनातल्या मनात नोंदही केली, की बाईंना जवळीक हवीय. (या नोंदीचं हसू मला आजही येतं.) बोलायला तर ती एकदम चोख. उलट मलाच प्रश्न जास्त विचारायची. तुमची मुलं किती, कुठे असतात, हे काम कसं सुचलं. दोनदा मलाच आठवण करून द्यावी लागली की प्रश्न मी विचारायचे आहेत.

वृद्धांबरोबर काम करताना मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनचा आधार घेत आलेय. त्यानं आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटच्यात माणूस मागे वळून हिशेब मांडतो आणि त्या हिशेबात समाधान निघतं किंवा खंत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं त्याला जोडून एक मोलाची गोष्ट सांगितली, की म्हातारी माणसं जुनं बोलतात ती बडबड नसते, ते त्या वयाचं काम असतं. माझा या दोघांवर भारी विश्वास. तेव्हा मी ठरवून टाकलं की आजीला हा कार्यक्रम निरोपासारखा वाटतोय आणि हिशेब अजून पुरा व्हायचाय. दोन भेटी मी त्याच वाटेनं गेले. आजीनं मला मनापासून साथ दिली, दोन-तीन चांगल्या आठवणी सांगितल्या, आणि दुसऱ्या भेटीच्या शेवटी शांतपणे म्हणाली, “हे सगळं खरंय हो. पण हॉल नकोच.”

तिसऱ्या भेटीला घरी कुणी नाही म्हणून सून नातीलाही घेऊन आली. एवढी माणसं खोलीत, म्हणून मी पंखा मोठा केला. तेवढ्यात नात म्हणाली, “मी माझं भाषण आजीला आत्ताच वाचून दाखवू?” वहीतून फाडलेला कागद होता, चार घड्यांचा. तिनं उभं राहून, कागद तोंडासमोर धरून, बारीक आवाजात भराभर वाचलं. आजी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती. शेवटी एक प्रश्न होता: “आजी, तुला सगळ्यात लांबचा फोन कुठून आला होता?” पोरगी थांबली.

“छान वाचलंस हो,” आजी म्हणाली. “खूप छान.”

“मी प्रश्न विचारला.”

आजीचं हसू तसंच. पोरीनं कागदाची एकेक घडी परत घातली आणि आईकडे वळून पुटपुटली, “दादानं विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“काय म्हणाली?” आजीनं विचारलं.

“काही नाही आई, राहू दे,” सून म्हणाली.

त्या ‘राहू दे’नंतर आजीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. दार तोंडावर बंद झाल्यावर माणूस क्षणभर तिथेच उभा राहतो, तसं. आणि माझ्या डोक्यात खुर्ची, खिडकी, ते प्रश्नांवर प्रश्न, सगळं एका झटक्यात ओळीनं लागलं. दादा सोळा वर्षांचा. त्याचा आवाज फुटलाय!

मी उठून पंखा बंद केला. नातीला माझ्या खुर्चीवर बसवलं, तोंडावर खिडकीचा उजेड येईल असं. कागद खाली धरायला सांगितला. “आता फक्त शेवटचा प्रश्न. सावकाश. ओरडायचं नाही.”

तिनं विचारलं. आजी तिच्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, “बोटीवरून. बायको बाळंत झालीय एवढंच त्याला कळलं होतं, पुढचं विचारत होता. एवढी खरखर होती लाइनला, की दोघांना एकमेकांचं काही कळेना. मला दोन्हीकडचं कळत होतं. मग त्याचं वाक्य मी तिला सांगायची आणि तिचं त्याला. मुलगी झाली हे त्याला मीच सांगितलं.” थोडं थांबून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता मला सूर कळतात, शब्द नाही कळत. एकतीस वर्षं कानांवर जगलेल्या बाईनं हे सांगायचं कुणाला?”

सून रडायला लागली. नात मात्र वेगळ्याच विचारात होती. “म्हणजे तुला मी आवडत नाही असं नाहीये?”

बावीस वर्षांत माझ्या खोलीत बरंच काही घडलंय, पण त्या प्रश्नानंतरची दोन मिनिटं मी जपून ठेवलीयत. त्यात माझं कर्तृत्व एवढंच की पंखा बंद करायचं मला सुचलं. आणि खरं सांगू, तेवढ्यावर मी खूश आहे.

त्यामागचं साधं कारण आधी समजून घ्या, कारण ते पुष्कळ घरांत लागू पडतं. वयाबरोबर ऐकू कमी येतं तेव्हा आवाज सरसकट लहान होत नाही. आधी उंच पट्टीतलं जातं. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजनं तिथलीच, आणि मुळातच हलकी. स्वर खालच्या पट्टीतले, दणकट, ते टिकतात. त्यामुळे शाळा, चाळा, काळा यांतलं ‘आळा’ तेवढं पोचतं आणि उरलेलं अंदाजानं भरावं लागतं. शांत खोलीत, एकाशीच बोलताना, ओठ दिसत असताना हा अंदाज इतका बेमालूम जमतो की समोरच्याला पत्ता लागत नाही. मला दोन भेटींत लागला नव्हता. पंखा, टीव्ही, चार जणांचं एकदम बोलणं आलं की डाव कोसळतो. लहान मुलांचा आवाज सगळ्यात बारीक, म्हणून ज्यांच्यावर जीव असतो त्या नातवंडांचंच सगळ्यात कमी कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडचण यावी इतकं ऐकू कमी येतं. तेव्हा “बाबा हल्ली घुमे झालेत” असं म्हणण्याआधी कान तपासून घ्या. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञ, कारण कधी कधी नुसता मळ निघतो, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. कानाचं मशीन लागलं तर ते चष्म्यासारखं घातलं की झालं, असं नसतं. पहिले काही आठवडे वर्तमानपत्राची पानंसुद्धा कर्कश वाजतात आणि कित्येक मशीनं तेव्हाच कपाटात जातात. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचं, आणि पुन्हा जाऊन ते नीट जुळवून घ्यायचं. आणि ओरडू नका. ओरडलं की स्वरच मोठे होतात, व्यंजनं बिचारी तिथेच राहतात, वर तोंड रागावल्यासारखं दिसतं.

प्रत्येक ‘नको’च्या मागे कानच असतो असं मी म्हणत नाही. एका आजोबांना व्यासपीठावर दोन तास बसायची धास्ती होती, कारण स्वच्छतागृह हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. ही गोष्ट कुणीही मुलासुनेला आपणहून सांगत नाही. एका बाईंना समोर येणाऱ्यांची नावं आठवणार नाहीत याची भीती. नवरा गेल्याला वर्ष झालेलं नसतं आणि मुलं म्हणतात, आईचं मन रमेल; तिला त्या गर्दीत शेजारची एक खुर्ची तेवढी दिसणार असते. आणि कित्येकांना खरोखरच मोजकी माणसं हवी असतात. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच दाखवून दिलं: पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवलं की माणूस ओळखीपाळखी कमी करतो आणि जवळच्यांना धरून राहतो. त्याला तुसडेपणा म्हणू नये.

म्हणून “कार्यक्रम करू या ना?” असं विचारूच नका. त्याला उत्तर हो किंवा नको एवढंच येतं, आणि नको म्हणणं सोपं. “सकाळी बरं पडेल की संध्याकाळी?” “कोण यायला हवं?” आणि आवर्जून, “कोण नको?” या तिसऱ्या प्रश्नावर कधी चाळीस वर्षांचं काहीतरी बाहेर येतं, तेव्हा चेहरा सरळ ठेवा. अचानक धक्का देण्याच्या फंदात पडू नका. तो आनंद करणाऱ्यांचा असतो. आणि विचारणाऱ्यानं उत्सवमूर्तीला काहीतरी काम द्यावं. नुसतं खुर्चीत बसून कौतुक ऐकणं फार अवघड असतं, विशेषतः ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचं केलंय त्याला. मुलांना सांगते, “जुन्या गोष्टी सांग” असं मोघम म्हणू नका. साधारण दहा ते तिशीतलं माणसाला सगळ्यात जास्त आठवतं, तिथलं एखादं बारीकसं विचारा. पहिल्या पगाराच्या दिवशी घरी कशी आलीस? कामावर हातात काय असायचं? आमच्या आजीच्या हातात फोन जोडायच्या प्लगच्या दोऱ्या असायच्या, आणि हे मुलाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

मुलाशी मला थोडं भांडावं लागलं. हॉलची आगाऊ रक्कम गेली होती आणि त्याचं मनही मोडलं होतं. वडील गेल्यावर आईसाठी काहीतरी मोठं करायचं, हे त्यानं स्वतःशीच कबूल केलेलं होतं. मी त्याला एकच विचारलं, “तुम्ही दोघंच, टीव्ही बंद करून, शेवटचे कधी बसलात?” त्यानं उत्तर दिलं नाही, पण पुढच्या भेटीला आईला तोच घेऊन आला.

कार्यक्रम आजीनं स्वतः आखला. मशीन लागून तेव्हा पाच आठवडे झाले होते. “एका वेळी एकच कॉल,” ती म्हणाली. घरातलीच आतली खोली, पंखा बंद, खिडकीकडे तोंड असलेली एक खुर्ची, दार लोटलेलं. तीन दिवस, सकाळी चार माणसं, संध्याकाळी चार. दीडशेची यादी चोवीसवर आणताना मायलेकांत दोनदा वाजलं, ते वाजायलाच हवं होतं. दाराबाहेर स्टुलावर नात, मांडीवर वही, ऑपरेटर म्हणून. आजीनं तिला रीत शिकवली होती. लांबचा कॉल तीन मिनिटांनी मोजायचा. तीन मिनिटं झाली की दारावर दोन टकटक आणि विचारायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?” आणि बारीक आवाजात भराभर नाही, तोंड आत करून, सावकाश. आतून “वाढव” आलं की नावापुढे एक रेघ.

नंतर ती वही मला दाखवायला नात स्वतः आली होती. बहुतेकांच्या पुढे पाच-सहा रेघा, एका मामांच्या पुढे एकच. शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या ओळीत ‘बाबा’ लिहिलेलं होतं आणि पुढे रेघा समासात जाऊन पुन्हा खालच्या ओळीवर आल्या होत्या. मी मोजल्या, एकोणीस.

“नंतर मी टकटक केलीच नाही,” ती म्हणाली. “मला झोप आली होती.”