बांबूचा फ्लाय रॉड बनवायचाय? आधी जुन्या कारागिरांचं काम बघ

मित्रा, हत्यारं घ्यायची घाई करू नकोस, आधी जुन्या कारागिराचा एखादा फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशीच्या आमिषाने मासे पकडायची लवचीक काठी, हातात घे आणि जोड शोध, सहा पट्ट्या चिकटवलेल्या असतात पण चांगल्या कामात नखालाही जोड लागत नाही. प्रत्येक पट्टीचे कोन ६० अंशांचे, निमुळतेपणाचं माप इंचाच्या हजाराव्या भागात, तेही हाताने रंधा मारून! आणि रंधा फक्त आतल्या दोन बाजूंवर, कारण बांबूची खरी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते, ते तासले की रॉड गेलाच. हे हातात बसायला वर्षं जातात रे.

१९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, या रॉडसाठी लागणारा चीनमधला टोंकिन बांबू यायचा थांबला, फायबरग्लासचे रॉड पसरले, बहुतेक कारखान्यांनी बांबू सोडला, तरी काही जण जपून ठेवलेल्या बांबूवर काम करत राहिले, मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

असं कोणी भेटलं तर लगेच किंमत विचारू नकोस. गाठी शेकून सरळ कशा करता ते विचार, भरभरून बोलतील, आणि जमलं तर रंधा मारताना बाजूला उभं राहायची परवानगी माग.