पेनड्राइव्ह आधी भरून बघ
अरे, चारशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळत नसतो. मी घेतला होता, म्हणून सांगतोय. कॉम्प्युटरवर २ टीबीच दिसायचे. भाचीच्या लग्नाचे फोटो टाकले. नावं दिसत, उघडायला गेलं की काही नाही. आत चिप जेमतेम ३२ जीबीची, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलंच सॉफ्टवेअर) मात्र खोटा आकडा सांगणारं. त्यामुळे नवा आणलास की रिकामा असतानाच ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ (H2testw) हे सॉफ्टवेअर चालव. फुकट आहे, ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतं. रात्रभर लागेल, लागू दे. परत करायची मुदत संपायच्या आत कर म्हणजे झालं.

आणि १ टीबीची हार्डडिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस. तो नुसता मोजण्याचा फरक. (मी भांडलो होतो.)