फ्रीमेसन म्हणजे नक्की कोण? ठाण्यात राहणाऱ्याला सदस्य होता येतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही संस्था गुप्त आहे का, देव मानावाच लागतो का, आणि व्यवसायात ओळखी वाढाव्यात म्हणून सदस्य व्हावं का. मी ठाण्यातच, नौपाड्यात राहतो आणि बरीच वर्षं सभासद आहे, म्हणून लिहितो. फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संस्थेचे सभासद. तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात, आणि अनेक लॉजवरच्या मुख्य संस्थेला ग्रँड लॉज.

आधी ओळखींचं. त्यासाठी यायचं असेल तर कृपया येऊ नका. पैशाच्या किंवा फायद्याच्या आशेने मी येत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच कबूल करून घेतात. व्यवसायाच्या ओळखींसाठी वेगळे ग्रुप असतात, तिथे जाण्यात काहीच गैर नाही. पण ते काम वेगळं आणि हे वेगळं.

बंधुभाव, साह्य आणि सत्य ही आमची तत्त्वं. कागदावर ती कुठल्याही संस्थेला शोभतील. मला ती पटली ती बैठकीत बसून. आमच्याकडे लॉजचा मास्टर, म्हणजे अध्यक्ष, साधारणपणे दरवर्षी बदलतो. एके वर्षी त्या खुर्चीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, आणि मोठं नाव असलेले एक सर्जन त्यांची परवानगी घेऊन, उभे राहून बोलायचे. बाहेर कोण किती मोठा, हे दाराबाहेरच राहतं. लॉजमध्ये धर्मावर वाद आणि राजकारण, दोन्ही वर्ज्य. निवडणुकीच्या दिवसांत, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा माणसं एकमेकांना तोडून बोलत असतात तेव्हा, या नियमाची किंमत कळते.

देव मानावा लागतो, हो. कोणता, हे कोणी विचारत नाही. एका परमशक्तीवर श्रद्धा हवी, बस. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून घ्यायची. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, पारशांचा अवेस्ता एकाच ठिकाणी मांडलेले दिसतात. पूर्ण नास्तिक असाल तर आमच्याकडे प्रवेश नाही. ग्रँड ओरिएंट या फ्रान्समधल्या मेसन संस्थेने ही अट १८७७ साली काढून टाकली, तेव्हापासून इंग्लंडच्या परंपरेतल्या संस्था त्यांना मान्यता देत नाहीत.

हे सगळं आपल्याकडे आयतं मिळालेलं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. इंग्लंडची ग्रँड लॉज १७१७ ची. ती मंडळी हिंदुस्थानात आली, पण मुंबईच्या लॉजमध्ये भारतीय माणसाला घेईनात. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे दार बंद झालं, तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या मेसनच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज उभी राहिली, तीच मुळी भारतीय लोकांना घेण्यासाठी. समतेची भाषा करणाऱ्यांना ती पाळायला एका माणसाच्या चिकाटीने भाग पाडलं. आजची ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ ची.

मेसन म्हणजे गवंडी, म्हणून विधींमध्ये गवंड्यांची हत्यारं येतात. नव्या सभासदाला चोवीस इंची पट्टी दाखवतात. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास: काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, आणि काही अडचणीतल्या मित्रासाठी, पण स्वतःच्या घरादाराचं नुकसान न करता. हा शेवटचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो.

गुप्ततेचं म्हणाल तर, फोर्टमधलं फ्रीमेसन्स हॉल भर वस्तीत, सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगं आहे. ओळखीच्या खुणा आणि विधींचा काही भाग आम्ही बाहेर सांगत नाही. सभासद असल्याचं लपवावं लागत नाही.

आता प्रवेश. कोणी तुम्हाला बोलवायला येईल म्हणून थांबू नका, आपणहून विचारायचं असतं. ओळखीतला मेसन असेल तर त्याला सांगा, नाहीतर ग्रँड लॉजच्या वेबसाइटवरून संपर्क करा. दोन सभासद तुमचं नाव सुचवतात, भेटीगाठी होतात, मग गुप्त मतदान, पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी. माझ्या वेळी दोघेजण घरी आले होते. चहा झाल्यावर त्यांनी माझ्यापेक्षा बायकोलाच जास्त प्रश्न विचारले. तिने उलट विचारलं, “खर्च किती, आणि हे रात्री घरी किती वाजता येणार?” दोन्हींची उत्तरं त्यांनी सरळ दिली. तुम्हीही घरी आधी बोला, कारण बैठक संपून जेवण उरकेपर्यंत ठाण्याची गाडी पकडायला उशीर होतोच.

आमच्या लॉज फक्त पुरुषांच्या आहेत. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी ‘द्रॉआ ह्युमें’ ही स्वतंत्र परंपरा १८९३ पासून आहे, आणि अॅनी बेझंट यांच्यामुळे ती भारतात रुजली.

आणि एक कळकळीने सांगतो. इल्युमिनाटी या गुप्त म्हणवल्या जाणाऱ्या मंडळाच्या नावाने ‘इल्युमिनाटीचे सदस्य व्हा, श्रीमंत व्हा’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि नोंदणी फी मागतात. ती निव्वळ फसवणूक आहे, एक रुपयाही पाठवू नका. खऱ्या लॉजची प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी असते, ती प्रत्येक लॉजची वेगळी. पहिल्याच भेटीत आकडा विचारून घ्या, त्यात संकोच नको.