खाणीआधी मठाचे कागद बघा

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचा, इतिहास हाती घेताय, फार बरं वाटलं. एकच विनंती, सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या कोळशाच्या खाणींपासून करू नका. त्याच भागातल्या टाइनमथच्या ख्रिस्ती मठाने जवळच्या एल्स्विकमधली कोळशाची खाण १३३० मध्येच भाडेपट्ट्याने दिली होती. तेव्हा आधी जमीन कोणाची, ते शोधा. राजा आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद करवली. मठांच्या जमिनींचा माग तिथून लागतो. १५३९ मध्ये हा मठ बरखास्त होऊन जमिनी राजाकडे गेल्या. पुढचे पट्टे तिथून धरा.

लॅटिन कागदांत मात्र जपून. ‘कार्बो’ म्हणजे दगडी कोळसाच असं नाही, लाकडी कोळसाही असतो. सोबत ‘मारिस’, म्हणजे समुद्राचा, असं दिसलं की तो दगडी समजा. हे ठाऊक नव्हतं म्हणून माझे दोन महिने वाया गेले.

आणि शेतात जाच. गवतात गोल खळगा, भोवती मातीचं कडं, उंदरा-सशांनी उकरलेल्या मातीत काळी चुरी, असं दिसलं तर ती बहुधा घंटेच्या आकाराची जुनी खाण. लांबूनच फोटो घ्या, खाली पोकळ असू शकतं.